मी बंदच होतो

मी रेकॉर्डर. तळहातावर मावेन एवढा. आजवर दुसऱ्यांचंच ऐकत आलो. आज मी बोलणार आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही. माझ्या जिवावर एका बाईला फसवलंय, आणि ते मला पचत नाही.

माझी मालकीण पत्रकार. तिची एक बातमी वर्तमानपत्राच्या मालकांच्या मित्राला झोंबणारी होती, म्हणून ती छापलीच नाही. तिने त्याच दिवशी नोकरी सोडली आणि येताना मला विकत घेऊन आली. घरी आई म्हणाली, "अगं, लोकांनी विचारलं मुलगी काय करते, तर सांगू काय?"

"सांग, कुणाची चाकरी करत नाही."

आईने कपाळावर हात मारला. मला मात्र बाई आवडली. म्हटलं, चला, चांगल्या हातात पडलो.

तिची एक पद्धत होती. ती मला टेबलावर ठेवायची नाही, समोरच्याच्या हातातच द्यायची. "हे बटण तुमचं. नको वाटलं की दाबा. त्यानंतर बोलाल ते फक्त मला कळावं म्हणून. तुमचं नाव कुठेही जाणार नाही." लोक आधी मला विंचू धरल्यासारखं धरायचे, मग हळूहळू सैलावायचे. बांधकामावरचा मुकादम, शाळेतली शिपाईणबाई, एक निवृत्त न्यायाधीशसुद्धा! सगळ्यांनी बटण दाबलं आणि मगच मन मोकळं केलं. आता, बंद म्हणजे माझं टिपणं बंद. कान थोडेच बंद होतात? मी सगळं ऐकायचो. पण सात वर्षांत एक शब्द माझ्याकडून बाहेर गेला नाही, तिच्याकडूनही नाही. मला त्याचा केवढा ताठा होता म्हणून सांगू!

मग भेटल्या प्रयोगशाळेतल्या ताई. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्यात त्या पाण्याचे नमुने तपासायच्या. नमुना नापास झाला की त्यांचे साहेब तो कागद फाडायचे आणि नव्या कागदावर 'पिण्यास योग्य' लिहून घ्यायचे. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ताईंनी मला बंद केलं आणि हे सांगितलं. वर म्हणाल्या, "माझं नाव नको हं. यांनी अंथरूण धरलंय, घरात मिळवती मी एकटी."

मालकिणीने बातमी लिहून एका मोठ्या वर्तमानपत्राकडे पाठवली. संपादकांचा फोन आला. ती फोन नेहमी स्पीकरवर टाकते, म्हणून मलाही ऐकू आलं.

"मॅडम, बातमी झकास आहे. पण तुम्ही पडलात बाहेरच्या. उद्या खटला झाला तर वकिलाला काय दाखवू? त्या बाईंचा आवाज आणा. वकिलापलीकडे जाणार नाही, माझा शब्द."

"पण मी त्यांना शब्द दिलाय."

"मग बातमी तुमच्याकडेच ठेवा."

ती खिडकीशी गेली. "लोक तेच पाणी पितायत," असं स्वतःशीच पुटपुटली. मला वाटलं, काढेल काहीतरी मार्ग. काढला की!

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा ताईंकडे गेलो. तिने नेहमीसारखं मला पुढे केलं. "याची आता ओळख झालीय माझी," ताई हसून म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं. माझा दिवा विझला. तेवढ्यात माझं लक्ष मालकिणीच्या पर्सकडे गेलं. चेन चार बोटं उघडी होती आणि आत मोबाइलवर लाल ठिपका चालू होता.

अहो, माझा विश्वासच बसेना! ताई निर्धास्त बोलत होत्या, आणि का? तर मी बंद होतो म्हणून. गळाला लावायला मला वापरलं होतं. ताईंच्या मुठीत मी अर्धा तास होतो, पण सावध करायला मला तोंड कुठलं?

तो आवाज संपादकांकडे पोचून आठ दिवस झाले तरी बातमी छापून येईना. शेवटी हिनेच फोन लावला.

"अहो, त्या साहेबांची बाजू नको का घ्यायला?" संपादक म्हणाले. "जुनी ओळख आहे. दोन मिनिटं ऐकवलं त्यांना. बातमी तूर्त थांबवू. तुमच्यासाठी मात्र दर रविवारचं सदर नक्की केलंय."

"तुम्ही शब्द दिला होता!" ती किंचाळली.

"आणि तुम्ही?"

तिने फोनच बंद केला. सदर मात्र तिने घेतलं.

त्याच आठवड्यात ताई घरी आल्या. त्यांना कामावरून काढलं होतं. "साहेबांनी माझंच बोलणं मला म्हणून दाखवलं गं, शब्दनशब्द." त्यांनी मला टेबलावरून उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. "खरं सांग, हा बंद होता ना?"

"हा बंदच होता, ताई. तुम्हीच तर बटण दाबलंत."

बघा, एक अक्षर खोटं नाही! माझ्या सात वर्षांच्या इमानाची ढाल करून ही बाई तिच्यामागे लपली.

ताईंचा चेहरा पडला. "हो गं, मीच दाबलं. मग मीच कुठेतरी बडबडले असेन. आणि संशय तुझ्यावर घेतला. मनात ठेवू नकोस हं."

"नाही हो, ताई," मालकीण म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मी अजून तिच्याकडेच आहे. ती अजूनही मला लोकांच्या हातात देते, "हे बटण तुमचं" म्हणते, आणि लोक माझ्या विझलेल्या दिव्याकडे बघून मन मोकळं करतात. पर्स कधी बंद असते, कधी नसते. मला आता तिकडे बघवतही नाही.

तुम्हाला मात्र एक विनंती आहे. नोकरी शोधत दारोदार फिरणाऱ्या एक ताई तुम्हाला कुठे भेटल्या, तर त्यांना एवढं सांगा: ताई, तुम्ही कुठेही बडबडला नव्हतात.