काका खोलीतच बसले

वकिलाकडे एकट्यानं जायची आमच्या सामोआत पद्धत नाही. त्यामुळे राजधानी आपियातल्या त्या ऑफिसात माझ्या भावाबरोबर, लाफाएलेबरोबर, मी गेले आणि घराण्याचे प्रमुख म्हणून तुइआसाऊकाकाही आले.

"काका, तुम्ही दोघं जरा बाहेर बसता का?" वकील सिनानं खाली बघत विचारलं. तीही आमच्यासारखी गावचीच मुलगी.

"मी बाहेर? मग पोराच्या बाजूला कोण बसणार, तुझं कपाट?"

आम्ही हसलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. ज्या गाडीची रस्त्यात एका माणसाला धडक बसली होती ती आपणच चालवत होतो, हे लाफाएलेनं सांगून टाकलं. गाडी कोण चालवत होतं, याचा पोलिसांकडे काहीच पुरावा नव्हता.

आम्ही तिघं तिथे गेलो होतो हे गावभर माहीत होतं. सरकारी वकिलानं काकांना आणि मला साक्षीला बोलावलं. मी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसले होते. सिना येऊन म्हणाली, "वकील आणि अशिलातलं बोलणं गुप्त राहतं. तुमच्यासमोर झालेलं न्यायाधीश गुप्त मानत नाहीत. चूक माझी."

नियम मला समजला.

साक्ष देऊन काका बाहेर आले. "बायबलवर हात होता, पोरी. सगळं सांगितलं."

"आणि लाफाएले?"

"मी साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरताना त्यानं मान झुकवली. रीतीप्रमाणे."

शिपायानं माझं नाव पुकारलं. मी उठले, काकांसमोरून वाकून गेले आणि आत शिरले.