थांब नावाची बाई

स्तामाताच्या आईला ओळीनं चार मुली झाल्या होत्या. पाचवीही मुलगीच निघाली तेव्हा बापानं पाळण्यात डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. अंगणातूनच म्हणाला, हिचं नाव स्तामाता. ग्रीक भाषेत स्तामाता म्हणजे सरळ सरळ 'थांब'. आता पुरे, असं त्याला देवाला सांगायचं होतं. देवानं काही ऐकलं नाही. सहावी झाली, तिचं नाव त्यानं अगोरित्सा ठेवलं. 'अगोरी' म्हणजे मुलगा, म्हणजे देवाला अगदी फोड करून सांगितलं. सातवीच्या वेळी मात्र त्यानं देवाशी बोलणंच टाकलं आणि नाव बायकोवर सोपवलं. त्यामुळे सातांतल्या त्या धाकटीला बिचारीला सोफिया असं चारचौघींसारखं नाव मिळालं.

पिर्गोसजवळच्या त्या खेड्यात स्तामाताचं बालपण म्हणजे गावाची करमणूक होती. आईनं दारातून हाक मारली की ही धावत सुटायची आणि रस्त्यावरचं बाकी सगळं थांबायचं. सायकली थांबायच्या, मेंढ्या हाकणारा थांबायचा, एकदा तर सणाच्या मिरवणुकीतला बँड वाजवता वाजवता थांबला. एकोणिसाव्या वर्षी त्या हाकेनं कलिंगडांचा एक ट्रक थांबवला. ड्रायव्हरनं ब्रेक असा करकचून दाबला की वीस-पंचवीस कलिंगडं रस्त्यावर आपटून फुटली. कोण चाकाखाली आलं म्हणून तो धडधडत्या छातीनं खाली उतरला, तर समोर लाल चिखलात एक मुलगी अनवाणी उभी, पोट धरून हसत होती. तो झाफिरिस. सहा महिन्यांत लग्न झालं. पुढं कुणी विचारलं तर तो सांगायचा की आयुष्यात मला एकच अपघात झाला आणि तो अजून घरात आहे.

झाफिरिसला बायकोचं नाव फार आवडायचं. तिला मात्र ते आतून टोचायचं. लोकांबरोबर तीही हसायची, पण बापानं आपलं तोंड बघण्याआधीच आपल्याला 'पुरे' म्हटलं होतं, हे ती विसरली नव्हती.

त्यांना एकच मुलगा, फोतिस. तो पात्रासला राहायचा. त्याची बायको दानाई बालवाडीत शिकवायची. मार्चमध्ये त्यांना मुलगी झाली. रीत अशी की पहिल्या नातीला बापाच्या आईचं नाव द्यायचं. बाप्तिस्म्याला अजून सहा महिने होते आणि तोवर सगळे तिला 'बेबा' म्हणत होते. स्तामातानं पहिल्याच आठवड्यात मुलाला फोन करून सांगितलं की माझं नाव ठेवू नका, तुम्हाला आवडेल ते ठेवा, माझी काही हरकत नाही.

फोतिसनं फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, आई रुसली आहे.

तिनं पुन्हा फोन केला. या वेळी शपथ घेतली. मग तर फोतिसची खात्रीच पटली की आईच्या मनाला ते फारच लागलंय. स्तामातानं बेकरीत, देवळात, भाजीवाल्याकडे, जिथं जाईल तिथं सांगितलं की मला नको, खरंच नको. गावच्या बायका माना डोलवायच्या आणि तिची पाठ फिरली की म्हणायच्या, कशी आडून आडून मागतेय पाहा. सख्खी बहीण अगोरित्सासुद्धा विश्वास ठेवेना. "मीही असंच म्हटलं होतं," ती म्हणाली. "मग त्यांनी नातीचं नाव खरंच नेफेली असं नव्या फॅशनचं ठेवलं, तर वर्षभर मी सुनेशी बोलले नाही."

आता यापुढे काय करायचं? स्तामातानं हात टेकले. झाफिरिस म्हणाला, तू गप्प बस, म्हणजे त्यांना वाटेल तुला नकोय. ती गप्प बसली. तर फोतिस काळजीनं दर रविवारी येऊ लागला.

सप्टेंबरात बाप्तिस्म्याच्या आठवडाभर आधी दानाई बेबाला घेऊन गावी आली. बरोबर एक मोठं खोकं होतं. पाहुण्यांना वाटायच्या साखरेत घोळवलेल्या बदामांच्या पुरचुंड्या आणि त्यांना बांधायच्या पांढऱ्या फिती. स्तामाता फिती सोडवायला बसली. फितीवर बारीक निळ्या अक्षरांत नाव छापलं होतं. तिनं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, फीत हातात घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. दानाई तिथं बाळाला पाजत बसली होती.

"पोरी, या फिती परत पाठव."

"का आई? छापताना काही चुकलं का?"

"चुकलं असतं तर बरं झालं असतं. सहा महिने मी घसा कोरडा करतेय आणि कुणी ऐकून घेत नाही. मी रुसून नाही सांगत गं. ते नकोशा मुलीचं नाव आहे. माझ्या बापानं मला पाहण्याआधीच म्हटलं, बस्स झालं. ते या लेकराच्या गळ्यात नको बांधूस."

दानाईनं बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"फोतिसनं तुम्हाला सांगितलं नसेल. मीच सांगू नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "हिच्या आधी माझे दोन गेले. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात. हिच्या वेळी मी बसमध्ये, वर्गात, बाजारात, जिथं असेन तिथं पोटावर हात ठेवून एकच शब्द म्हणायचे. थांब. इथंच थांब. दुसरं मागणं सुचायचंच नाही. आणि ही थांबली, आई. आता हिला मी नेफेली म्हणू?"

स्तामाता खुर्चीवर बसली. हातातली फीत तिनं गुडघ्यावर ठेवून सरळ केली, मग पुन्हा केली.

"तुमच्यासाठी नाही ठेवत मी हे नाव," दानाई म्हणाली. "तुम्ही रुसा नाहीतर हसा."

"दोन गेले आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही रोज फोन केला असता."

"केलाच असता. आणि कोंबडीचं सूप घेऊन बसनं आले असते." एवढं बोलून ती उठली आणि चुलीकडे तोंड करून उगाच भांडी हलवत राहिली. संध्याकाळी तिनं सगळ्या फिती स्वतःच्या हातानं बांधल्या. झाफिरिसनं विचारलं तेव्हा म्हणाली, फार छान छापल्यात.

धर्ममाता होती दानाईची मैत्रीण मिर्तो. ही बोलली तर शेजारच्यालाही ऐकू जात नसे. धर्ममातेनं नाव मोठ्यानं उच्चारायचं असतं, म्हणून सकाळपासून जो तो तिला बजावत होता, मोठ्यानं हं मिर्तो. पाद्रीबाबा महिन्याभरापूर्वीच कालामाताहून बदलून आलेले, अगदी तरुण. बाप्तिस्मा करण्याची त्यांची ही दुसरीच वेळ. त्यांनी घाईत नाव आधी विचारलंच नव्हतं.

तेल चोपडलेली बेबा हातातून निसटेल की काय या धास्तीनं त्यांनी तिला पाण्याच्या मोठ्या पात्रावर उचलून धरलं. देवाच्या या सेविकेचा बाप्तिस्मा होत आहे, असं म्हणून ते थबकले आणि मिर्तोकडे पाहिलं.

मिर्तोनं डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "स्तामाता!"

पाद्रीबाबा थिजले. बाळ हवेत, बाह्या वर, चेहरा पांढराफटक. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, पाणी फार गरम आहे की काय म्हणून कोपर बुडवून पाहिलं. पाणी ठीक होतं. धीर धरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मिर्तोनं पुन्हा तसंच ओरडून सांगितलं. ते पुन्हा थांबले आणि कासावीस होऊन म्हणाले, "अहो बाई, पण का?"

मागून झाफिरिसचा आवाज आला. "बाबा, तुम्ही आपलं चालू ठेवा. ते पोरीचं नाव आहे."

आधी स्तोत्रं म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला हसू फुटलं, मग मेणबत्त्या धरणाऱ्या बायकांना, मग सगळ्या देवळाला. पाद्रीबाबांचे कान लाल झाले, पण तेही हसले आणि हसत हसतच त्यांनी बेबाला तीनदा पाण्यात बुडवून काढलं. स्तामाता एवढी हसली की अगोरित्सानं तिला बाकावर बसवलं. रुमालानं डोळे पुसले तरी पाणी थांबेना. त्यातलं हसण्याचं किती होतं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुपारी तुतीच्या झाडाखाली पानं मांडली. भाजलेलं कोकरू होतं, लिंबात मुरवलेले बटाटे होते, झाफिरिसची घरची वाइन होती. येईल तो स्तामाताच्या कानाशी लागून म्हणायचा, शेवटी साधलंस ना? पहिल्या चार-पाच जणांना तिनं खरी हकिगत सांगायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला. सहाव्याला म्हणाली, हो, साधलं, आणि बटाटे पुढं सरकवले.

दानाईनं पोर तिच्या मांडीवर ठेवलं आणि जेवायला गेली. पोर रडायच्या बेतात होतं. स्तामाताला हाक मारायची होती, पण जीभ अडखळली. एकसष्ट वर्षं तिनं त्या नावाला ओ दिली होती, ते नाव घेऊन कुणाला हाक अशी कधी मारलीच नव्हती. तिनं आजूबाजूला पाहिलं, वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "स्तामाता."

बाळानं तिच्याकडे टक लावून पाहिलं, मग हात उंचावून तिच्या कानातलं डूल पकडलं. कसं केलं तरी सोडेना. शेवटी मान वाकडी करून, एका हातानंच, आजीनं कोकराचा दुसरा तुकडा खाल्ला.