कोणालाच न वगळणाऱ्या घराची चावी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चावी आहे. माझं कुलूप आता कुठे आहे ते मला ठाऊक नाही, आणि कुलपाशिवाय चावी म्हणजे नुसता पितळेचा तुकडा. तरी थोडी ऐट अजून शिल्लक आहे, म्हणून सांगते.

जोसेफने मला वसईच्या बाजारातून आणलं, तेव्हा गिरीजमधलं त्याचं घर नुकतंच बांधून झालं होतं. सागवानी दार, त्यावर जाडजूड कुलूप आणि मी. दर ईस्टरच्या आधी तो कुलपात खोबरेल तेल सोडायचा आणि बायकोला म्हणायचा, ‘‘फ्लोरा, ही चावी आपल्यापेक्षा जास्त टिकेल.’’ त्याच्यापुरतं ते खरं झालं.

फ्लोरा केळी घेऊन बाजाराला निघाली की मला शेजारच्या सॅन्टनकडे ठेवून जायची. घरं दोन, वाड्या दोन, पण विहीर एकच, तीही फ्लोराच्या अंगणात. तिच्याच पाण्यावर सॅन्टनची केळी वाढत. यातलं कुणी कुणाला काही लिहून दिलं नव्हतं.

जोसेफ गेल्यावर फ्लोराचे गुडघेही कुरकुरू लागले. बोळिंजला राहणाऱ्या तिच्या मुलीने, उर्सुलाने, आपल्याच इमारतीत आईसाठी छोटा फ्लॅट पाहून ठेवला. तो घ्यायचा तर घर विकणं भाग होतं. फ्लोराने सॅन्टनला सांगून टाकलं, ‘‘घर तुलाच देणार. म्हणजे विहीर राहील.’’ सॅन्टनने पतपेढीकडे कर्ज मागितलं. ते लांबत गेलं, तसा उर्सुलाला धीर निघेना.

‘‘मम्मी, कर्ज नाहीच मिळालं तर? एखादा एजंटही बघू दे की!’’

मग ॲलिस्टर नावाचा एजंट आला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. त्याने टेबलावर करार ठेवला. मीही तिथेच पडले होते. तो एकेक कलम वाचून दाखवत होता. सहा महिन्यांत घर कुणीही घेतलं तरी दलाली आमच्या ऑफिसला द्यायची, असं त्यात होतं. फ्लोरा मान डोलवत होती, पण तिचं अर्धं लक्ष गॅसवरच्या चहाकडे होतं. शेवटी त्याने एका रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.

‘‘आंटी, इथे कोणाला वगळायचंय का? नाव सांगा, लिहितो.’’

फ्लोराला वाटलं, हा विचारतोय की कोणत्या जातीचं, कोणत्या धर्माचं गिऱ्हाईक तुम्हाला नको? तिला वाईटच वाटलं.

‘‘छे रे बाबा! माझ्या दारातून मी कधी कोणाला वगळलं नाही. कोणाचंच नाव नको लिहू.’’

ॲलिस्टरने त्या ओळीवर आडवी रेघ मारली. फ्लोराने सही केली आणि त्याला चहाबरोबर नानकटाई दिली.

मित्रांनो, ती ओळ सॅन्टनसाठीच होती. ज्याच्याशी आधी बोलणं झालंय त्याचं नाव तिथे लिहायचं असतं. मग त्याला घर विकलं तर दलाली लागत नाही. इतका चांगुलपणा इतक्या चुकीच्या जागी खर्च झालेला मी तरी दुसरा पाहिला नाही. माझा जीव नुसता तळमळत होता.

त्यानंतर दुसरी चावी फ्लोराकडे राहिली आणि मी ॲलिस्टरच्या विरारच्या ऑफिसात एका खिळ्याला लटकले. आजूबाजूला फ्लॅटच्या चपट्या, चकचकीत चाव्या. माझ्या आकाराला त्या फिदीफिदी हसायच्या. गिऱ्हाईक आलं की ॲलिस्टर मला घेऊन गिरीजला जायचा. एका गिऱ्हाइकाने घराआधी विहीरच पाहिली. ‘‘ही बुजवली की दोन गाड्या आरामात राहतील,’’ तो म्हणाला. त्याला घर पसंत पडलं.

त्याच संध्याकाळी सॅन्टन धावत आला. कर्ज मंजूर झालं होतं! फ्लोराने त्याला जवळ घेतलं. ॲलिस्टर मला हातात धरून उभा होता. तो हळूच म्हणाला, ‘‘आंटी, यांना दिलं तरी दलाली द्यावी लागेल.’’

‘‘अरे, तो काय गिऱ्हाईक आहे? तो सॅन्टन आहे!’’

ॲलिस्टरने करार उघडला आणि ती रेघ दाखवली. ‘‘मी विचारलं होतं, आंटी. माझं एकट्याचं असतं तर सोडून दिलं असतं. ऑफिस माझं नाही.’’

सॅन्टनचं कर्ज जेमतेम घराच्या किमतीला पुरत होतं. त्यातून दलाली दिली किंवा सहा महिने थांबलं, तरी फ्लोराचा फ्लॅट हातचा जाणार होता; विहीर बुजवणारं गिऱ्हाईक मात्र दलाली भागेल इतकं जास्त देत होतं. ती रडायला लागली, तेव्हा सॅन्टनच म्हणाला, ‘‘मावशी, तू फ्लॅट घे. माझं मी बघेन.’’

त्या गिऱ्हाइकाने घर घेतलं, पाडलं, विहीर बुजवली. ॲलिस्टर मला परत द्यायला बोळिंजला आला, पण घरात काही बसला नाही. आता मी फ्लोराच्या फ्लॅटमध्ये क्रूसाखाली टांगलेली असते.

परवा सॅन्टन केळीचा घड घेऊन आला होता. घड बारीक होता. ‘‘पाणी कुठून आणतोस रे?’’ फ्लोराने विचारलं. ‘‘येतं कुठूनतरी,’’ म्हणाला आणि विषय बदलला. तिला सगळं कळलं.

मित्रांनो, कुठल्याही करारावर सही करण्याआधी न कळलेला शब्द तर विचाराच. पण कळलाय असं वाटतं, तोही विचारा. चहा थोडा उतू गेला तरी चालेल. आम्हा चाव्यांना तोंड नसतं, तुम्हाला आहे.

सॅन्टन गेल्यावर फ्लोराने मला खाली काढलं, खोबरेल लावून पुसलं आणि तळहातावर ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

‘‘वगळायचं म्हणजे काय रे, एवढंच विचारायचं होतं,’’ ती म्हणाली.