जनकाबाईच्या नावाची डबी

पुण्याहून रिपोर्ट आला तेव्हा जनकाबाई देऊळघाटच्या घरी ओसरीवर बसून नातीच्या डोक्याला तेल चोळत होती. तिचा मुलगा प्रेमानंद मोबाइलवर रिपोर्ट वाचत होता.

“माय, तुह्या आतड्याले सूज हाय. शीमधून रक्त जाते, डोळ्याले न दिसणारं. डॉक्टरले लवकर दाखवा म्हणते. आन् दूध एकदम बंद.”

जनकाबाईनं नातीला पोटाशी ओढलं. पुण्याला धाडलेल्या डबीवर नाव जनकाबाईचं होतं, आत मात्र होती ती मांडीवरच्या दीड वर्षाच्या प्रेरणाची शी.

आता ही भानगड झाली कशी, ते सांगायलाच हवं. म्हातारीची साखर गोळ्यांना जुमानत नव्हती. प्रेमानंदानं कुठंतरी वाचलं, की ज्याच्या त्याच्या आतड्यात वेगळे जंतू असतात. एकाला मानवलेली भाकर दुसऱ्याची साखर चढवते. ते जंतू, सोबत सूज-रक्तही तपासून ज्याचं त्याला जेवण लिहून देतात. मागवली त्यानं पेटी! आत इवलीशी डबी, झाकणालाच चमचा. सकाळची शी भरायची आणि कुरिअरनं धाडायची, म्हणे. अहो, जिनं उभ्या जन्मात टमरेलसुद्धा पदराआड झाकून नेलं, तिनं आपलं हे असलं पुण्याच्या पोरांपुढं धाडायचं? वर नाव, वय, गाव लिहून? जीव गेला तरी नाही. पण लेकराच्या शीची कसली आली लाज? ती आजी दिवसातून तीनदा काढते. जनकाबाईनं प्रेरणाच्या लंगोटातली चिमूटभर घेतली, झाकण लावलं, हात धुतले. एकाच चुलीचं खातो, जंतू काय वेगळे असतील, असं वर मनाशी म्हणाली. काय ते शहाणपण, बाई!

“शुक्रवारी बुलढाण्याले दाखवू तुले,” प्रेमानंद म्हणाला. “घाबरू नको, माय.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. ती नुसती तेल चोळत राहिली. सून काय म्हणेल, पोरगा काय म्हणेल, गावभर होईल. आणि पोरगी तर समोर हसत होती. मशीनचं काय खरं असतं?

संध्याकाळी सून धम्मशीलेनं सासूच्या वाटणीचं दूध प्रेरणाच्या वाटीत ओतलं. “आजीले बंद झालं ना? घे, आता सारं तुलेच.”

जनकाबाई पोरीकडे निरखून पाहू लागली. एकदा डोळ्यांत भरलं की सगळंच दिसायला लागतं. पोरीच्या कानांच्या पाळ्या पांढऱ्याफटक होत्या. दूध पिऊन झालं की ती पाय पोटाशी घेऊन रडायची, आणि ही आजी इतके दिवस तिला हिंग लावत बसली होती. त्या रात्री म्हातारीचा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पाजायचं काम आपल्याकडे घेतलं. वाटी घेऊन मागच्या दारी जायची आणि दूध मोरीत ओतायची. लेकरू भुकेनं टाहो फोडायचं. तिसऱ्या दिवशी पाय वाजले म्हणून घाईघाईत तिनं ती वाटी स्वतःच्याच तोंडाला लावली, आणि धम्मशीला दारात उभी.

“आत्याबाई! तुमाले बंद हाय, आन् लेकराच्या तोंडचं पिऊन राह्यल्या?”

चोरी वेगळीच आणि पकडली गेली वेगळ्याच चोरीत. धम्मशीलेनं वाटी हिसकून घेतली, काठोकाठ भरली आणि पोरीला मांडीवर घेऊन स्वतः पाजायला बसली. प्रेरणा भुकेलेली, घटाघटा प्यायली. जनकाबाई बघत राहिली. अजूनही आपण का बोललो नाही, हे तिचं तिला पुढं कधी समजलं नाही.

शुक्रवारी सकाळी लंगोट बदलताना धम्मशीला किंचाळली. लंगोट लाल झाला होता.

“डबीत हिचीच शी होती,” जनकाबाई भिंतीला धरून म्हणाली. “माही नव्हती. मले लाज वाटली, म्हून हिची भरली.”

प्रेमानंद मोटारसायकलची किल्ली शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती.

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोरीच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. आत लालीचा मागमूस नव्हता. मग त्यांनी प्रेमानंदाच्या मोबाइलवर रिपोर्ट वाचला. “रिपोर्ट मंगळवारचा आहे. मग दूध चालू कसं ठेवलंत?”

“यायले मालूम नव्हतं, मॅडम,” मागून रिक्षानं आलेली जनकाबाई दारातून म्हणाली. “मले होतं.”

डॉक्टरबाईंनी कागद पुढं ओढला. “ॲडमिट करावं लागेल. रक्त चढवायचं की नाही, ते तपासणीनंतर सांगते. आत्ताच काही सांगता येणार नाही.”

नर्स सुई घेऊन आली. सुई पाहताच प्रेरणानं भोकाड पसरलं आणि रोजच्या सवयीनं दोन्ही हात आजीकडे केले. जनकाबाई धावलीच. “ये माय, ये माही बाई,” म्हणत तिनं हात पुढं केले.

धम्मशीलेनं लेकराचं तोंड दुसऱ्या खांद्याकडे फिरवलं.