पेटी नंबर सतरा

"नऊ नंबरच्या पेटीत काय आहे बघ," वहीतल्या ओळीवर बोट ठेवून शरच्चंद्र म्हणाले.

"बघ काय? उघडीच आहे तुमच्या नाकासमोर," सुनीती म्हणाली. "रांचीचे तीन स्वेटर, वातीचा स्टोव्ह आणि नूपुरचे इवलेसे गमबूट."

"वहीत चार स्वेटर आहेत."

"मग एक रांचीला राहिला असेल. जाऊन घेऊन या."

दारात कॉफीचा मग घेऊन उभी असलेली नूपुर खुदकन हसली. शनिवार होता, सेक्टर फाइव्हमधलं तिचं ऑफिस बंद होतं, आणि आईबाबांची ही जुगलबंदी कुठल्याही सिनेमापेक्षा बरी होती.

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात बाहेरच्या बाजूला एक लहान खोली होती. घर घेताना तिला 'समोरची खोली' असं छान नाव होतं. तेरा वर्षांत तिची 'पेट्यांची खोली' झाली होती. सालाच्या लाकडाच्या सव्वीस पेट्या, प्रत्येकीवर ऑइलपेंटने नंबर, आणि सगळ्यांची कुंडली त्या निळ्या वहीत. शरच्चंद्र मुजुमदार केंद्र सरकारच्या नोकरीत होते. पस्तीस वर्षांत अकरा बदल्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान पेट्या मोजाव्या लागत नाहीत. निवृत्त होऊनही सहा वर्षं झाली, तरी पेट्या तशाच होत्या आणि घरात एकाही भिंतीला खिळा नव्हता. सरकारी क्वार्टरमध्ये खिळा ठोकायचा नाही, जाताना भोक दिसतं, हा शरच्चंद्रांचा नियम. स्वतःच्या घरात आल्यावरही तो नियम मोडायचं कुणाला सुचलं नाही. लग्नातला फोटो अजून कपाटावर भिंतीला टेकून उभा होता आणि दर दिवाळीत पुसताना एकदा तरी पडायचा.

या खोलीचा विषय निघाला तो नूपुरमुळे. जानेवारीत तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि सगळ्यांना या वर्षीचे आपापले 'गोल', म्हणजे संकल्प, लिहायला लावले. स्वतःचे तिने सात लिहिले. पळणं, बचत, गिटार आणि असं बरंच काही. शरच्चंद्रांनी सुवाच्य अक्षरात दोन लिहिले: साखर आटोक्यात आणणे, आणि पुण्याचं नक्की करणे. पुण्याचं नक्की करणं सहा वर्षं चालू होतं. त्यांचे धाकटे भाऊ अनिल दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या नव्या इमारतीचे फोटो पाठवत, शरच्चंद्र ते मोठे करून बघत आणि "पूर्वेची गॅलरी नाही" म्हणून ठेवून देत. सुनीतीने पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते, 'समोरची खोली'.

"आई, हा गोल नाही, ही जागा आहे," नूपुर तेव्हा म्हणाली होती.

"असू दे," सुनीती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

तिच्या मनात काय होतं ते गणपतीत उघड झालं. मराठी मंडळाच्या आरतीला आठ वर्षांच्या अनीशने 'सुखकर्ता दुःखहर्ता' इंग्रजी अक्षरांत लिहून आणलं होतं. बिचारा मन लावून वाचत होता. सुनीतीला हसू आलं नाही, वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी तिने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: दर रविवारी चार वाजता मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवीन, आमच्या घरी, समोरच्या खोलीत. खूप अंगठे आले, फुलं आली, हात जोडलेले आले. नावं आली तीन: अनीश, वैदेही आणि अजेय. पहिला वर्ग उद्याच होता आणि खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

अकराच्या सुमाराला श्यामसुंदर आला. हा बिक्रीवाला, म्हणजे आपल्याकडचा भंगारवाला. रद्दी, बाटल्या, मोडके पंखे, काहीही घेणारा. त्याने दारातूनच एका पेटीवर बोटाने टकटक केलं आणि डोळे मोठे केले.

"मासीमा, ये तो असली साल की लकड़ी है! सियालदह में फलवाले हाथोंहाथ ले लेंगे."

"सब ले जाओ," सुनीती म्हणाली.

"थांब, थांब." शरच्चंद्रांनी वही मिटली. "सामान काढ हवं तेवढं. स्वेटर दे, स्टोव्ह दे. पेट्या राहू देत."

"कशाला?"

"लागतील."

हा शब्द सुनीती अडतीस वर्षं ऐकत आली होती. दोऱ्या लागतील, गोणपाट लागेल, पेट्या लागतील. ते लागायचंही, दर तीन वर्षांनी लागायचंच. पण आता कशाला लागणार होतं?

"पुण्याला जाताना आयत्या वेळी अशा पेट्या मिळणार आहेत का?" ते म्हणाले.

"पुण्याला कधी जायचंय?"

"ठरतंय ना."

सुनीतीने हातातला स्वेटर खाली ठेवला. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, आताही तिने तो चढवला नाही. "अहो, मी अकरा वेळा घर बांधलं आणि अकरा वेळा सोडलं. एकदाही कुणाला विचारलं नाही, की मला जायचंय का. सहा शाळांतून मी राजीनामे दिलेत. कुठे आठ महिने, कुठे वर्ष. बराकपूरला तेवढी पाच वर्षं मिळाली, तीही मार्चची परीक्षा तोंडावर असताना सोडली. आता मला एक खोली हवी आहे. पुण्याला नाही, इथे. उद्या चार वाजता."

नूपुरने कॉफीचा रिकामा मग उगाचच तोंडाला लावला. श्यामसुंदरला मराठी कळत नव्हतं, पण संसारी माणूस होता, तो जिन्यात जाऊन उभा राहिला.

खरं म्हणजे शरच्चंद्रांचं दुखणं पेट्यांचं नव्हतंच. पेट्या गेल्या की बदल्या संपल्या, आणि बदल्या संपल्या की आता इथेच, याच तिसऱ्या मजल्यावर, शेवट. तो विचार त्यांना सोसत नव्हता. सुनीतीला हे ठाऊक होतं. म्हणूनच ती सहा वर्षं गप्प बसली होती.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "बरं. ने म्हणावं." आणि लगेच, "सतरा नंबर तेवढी राहू दे."

"का?"

"काच आहे."

हे मात्र खरं होतं. सतरा नंबरच्या पेटीवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत 'काच, सांभाळून' असं लाल रंगाने लिहिलेलं होतं. बराकपूरहून निघताना ती बांधली. गुवाहाटीला ती उघडली नाही, कोलकात्याच्या क्वार्टरमध्ये नाही, इथेही नाही. सासूबाईंच्या काचेच्या बरण्या असणार, असं सुनीतीने धरूनच ठेवलं होतं. फुटल्या तर जन्मभराची बोलणी, म्हणून तीही कधी वाटेला गेली नाही. हमालांनी ती तान्ह्या बाळासारखी उचलायची आणि घरच्यांनी पाय न लागू देता कोपऱ्यात ठेवायची, असं एकवीस वर्षं चाललं होतं.

"बरण्याच आहेत ना? मंडळाला देऊन टाकू," ती म्हणाली. "नूपुर, पलीकडून धर गं. हळू."

दोघींनी वाकून जोर लावला आणि दोघीही मागे पडता पडता वाचल्या. पेटी फुलासारखी वर आली.

"आई, ही तर एकदम हलकी आहे!"

श्यामसुंदर दारातून बघत होता. तो पुढे झाला, पेटी एका हाताने तिरकी केली आणि कान लावला. "मासीमा, इसमें काँच नहीं है. काँच होता तो बोलता."

सुनीतीने नवऱ्याकडे पाहिलं. शरच्चंद्र खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे पाहत होते. तो फुललेला नव्हता.

श्यामसुंदरने पहारीच्या टोकाने झाकण उचकटलं. वर बांगला वर्तमानपत्रं होती, पिवळी पडलेली. त्याखाली जुनी निळ्या फुलांची चादर. चादरीत दोन लाकडी दांड्यांना गुंडाळलेलं काळं कापड.

तो तिचा फळा होता.

गुंडाळून नेता येणारा, कॅनव्हासचा. सियालदहजवळच्या एका दुकानातून तिने बराकपूरच्या शाळेतल्या पहिल्या पगारातून आणला होता आणि गाडीत उभ्याने, दोन्ही हातांनी कवटाळून बराकपूरला नेला होता. वर्गातला फळा भेगाळलेला होता, त्यावर नद्या काढल्या की गंगा आपली वाट सोडून जायची. या फळ्यावर तिने पाच वर्षं पाचवीच्या मुलांना भूगोल शिकवला. निघायच्या दिवशी तो व्हरांड्यात उभा होता आणि ती म्हणाली होती, "राहू दे तो. झाडणारीला देऊन टाका, पडदा तरी होईल तिला." नंतर गुवाहाटीच्या पावसाळी दुपारी तिला त्या वाक्याचा कितीतरी वेळा पश्चात्ताप झाला. कुणाला सांगणार? आपणच टाकलेली वस्तू.

ती तिथेच, पेट्यांच्या मध्ये, खाली बसली. चादरीत डस्टरही होतं आणि खडूंचा अर्धा डबा.

"तुम्ही ठेवलात?"

"हं."

"आणि वर काच लिहिलंत?"

"'फळा' लिहिलं असतं तर हमालांनी त्याच्यावर स्टोव्हची पेटी आदळली असती," शरच्चंद्र म्हणाले. "काच लिहिलं की जपतात. बदलीवाल्या सगळ्यांना माहीत असतं हे. जे महत्त्वाचं असेल त्याच्यावर काच लिहायचं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "गुवाहाटीला तू शाळेत अर्ज करशील, तेव्हा काढू म्हटलं. गंमत होईल. पण तू अर्ज केलाच नाहीस. वर्ष गेलं, दोन गेली. मग काढला असता तर तुला वाटलं असतं, मी टोमणा मारतोय."

"मी वाट बघत होते," सुनीती म्हणाली. "तुम्ही एकदा म्हणाल, सुनीती, इथेही एक शाळा आहे, बघ. तुम्ही म्हणाला असतात तर दुसऱ्या दिवशी गेले असते."

"मला वाटलं, तुला कंटाळा आला सोडून सोडून."

"आलाच होता. म्हणून तर तुम्ही म्हणायला हवं होतं."

पुढे बोलण्यासारखं फार होतं आणि ते बोलून आता उपयोग नव्हता. एकवीस वर्षं दोन शहाण्या माणसांनी एकमेकांची मनं जपली आणि मधली एकवीस वर्षं फुकट घालवली. सुनीतीला नवऱ्याचा राग आला, स्वतःचा आला, आणि त्या दोन्हींच्या खालून कुठूनतरी या म्हाताऱ्याबद्दल इतकी माया दाटून आली की तिने पदराने डोळे पुसले. मग फळा चादरीतून काढून ती त्यावरची धूळ झटकू लागली.

नूपुर हळूच म्हणाली, "बाबा, तू पण ना."

शरच्चंद्र भंगारवाल्याकडे वळले. "श्यामसुंदर, सब ले जाओ. पच्चीस. ये वाला रहने दो."

दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. इतकी मोठी असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. फरशीवर पेट्यांच्या जागी फिकट चौकोन उमटले होते. सुनीतीने ते तीन वेळा पुसले, तरी गेले नाहीत.

संध्याकाळी शरच्चंद्र वॉचमनकडून हातोडी घेऊन आले. सोबत चार इंची दोन खिळे.

"किती उंचीवर?"

"थोडं खाली. मुलांचा हात पोचला पाहिजे. अजून खाली."

त्यांनी खिळा भिंतीला टेकवला आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच ठोकत होते, कसं धरायचं तेही धड माहीत नव्हतं. पहिला घाव अंगठ्यावर बसला. दुसऱ्याला मूठभर गिलावा खाली आला.

"भोक मोठं पडलं," ते काळजीने म्हणाले.

"पडू दे. आपलीच भिंत आहे," सुनीती म्हणाली.

रविवारी चार वाजता कुणीच आलं नाही. सव्वाचारला अनीशच्या आईचा निरोप आला, ताप आहे. अजेयचा पोहण्याचा क्लास होता, तो आधीच ठरलेला, काकू सॉरी. सुनीतीने "काही हरकत नाही" असं दोनदा लिहिलं. साडेचारला बेल वाजली. दोन वेण्या घातलेली सात वर्षांची वैदेही पाण्याची बाटली गळ्यात अडकवून उभी होती. आईने तिला आत सोडलं आणि ऑटो थांबवली आहे म्हणून ती पळाली.

वैदेही पुढे सतरंजीवर बसली. सुनीतीने जुन्या डब्यातला खडू घेतला. दमट हवेने तो कडक झाला होता, फळ्यावर कुरकुरला. वरच्या कोपऱ्यात तिने सवयीने लिहिलं: वार रविवार. विषय मराठी. पट ३. हजर १. एक लिहिताना तिचा हात जरा रेंगाळला. एका मुलीसाठी एवढा उपद्व्याप.

मागे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. शरच्चंद्र सतरा नंबरची पेटी ढकलत आत आणत होते. मागच्या भिंतीला लावून ते तिच्यावर बसले. धुतलेला सदरा, अंगठ्याला पट्टी, हातात ती निळी वही, मागची कोरी पानं उघडलेली.

वैदेहीने मान वळवून पाहिलं. "आजोबा पण शिकणार?"

"त्यांनाच विचार," सुनीती म्हणाली.

"हजर, बाई," शरच्चंद्र म्हणाले.

वैदेही तोंडावर हात ठेवून हसली. सुनीती हसली नाही. वर्गात असताना ती फारशी हसत नसे, बराकपूरच्या मुलांना ठाऊक होतं. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, नव्या मुलाकडे पहिल्या दिवशी पाहतात तसं.

"पटावर नाव लागलं की वर्ष पुरं करावं लागतं," ती म्हणाली. "मधेच दाखला मिळणार नाही."

शरच्चंद्रांनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं. मग चष्मा सारखा केला. "नको आहे दाखला," ते म्हणाले.

सुनीतीने डस्टर उचललं. आधी पटासमोरचा तीन पुसून चार केला. मग एक पुसून दोन केला, आणि खाली, वैदेहीचा हात पोचेल अशा उंचीवर, मोठा 'अ' काढायला घेतला.