सवाशिणीची वेणी

“माझो झील जितो आसा अजून. कोणाच्या नावान बोडतंस तिका?”

अंजनाबाईंनी वस्तऱ्यासकट भिकाजीचं मनगट धरलं. कॉटवर त्यांची सून मालन बसली होती. डोक्यात गाठ, तासाभरात ऑपरेशन. भिकाजी मुलुंडच्या त्या हॉस्पिटलचा न्हावी. पोटाची असो, डोक्याची असो, चिरफाडीआधी माणसाच्या अंगाला पहिला हात त्याचा लागे. डॉक्टर देव असत. घाबरलेल्यांच्या शिव्या न्हाव्याच्या वाट्याला येत.

कालच याच अंजनाबाईंनी त्याचं गाव विचारलं होतं, मालवणकडचा म्हटल्यावर बळेच खाजं खाऊ घातलं होतं. तेव्हा त्या त्याला वॉर्डबॉय समजल्या होत्या.

वनमाला सिस्टरनी म्हातारीला समजावलं, मग दटावलं. मालन खाली बघत म्हणाली, “करा दादा. पण वेणी माझ्या हातात द्या.”

त्याने आधी वेणी कापली. तेल पिऊन जड झालेली, अजून ऊबदार. तिच्या ओंजळीत ठेवली. मग नवरीला हळद लावावी तसा हलक्या हाताने वस्तरा फिरवला. भांग सगळ्यात शेवटी ठेवला.

दाराशी बसलेल्या अंजनाबाई आवाज न चढवता म्हणाल्या, “तुझ्या बायलेक बोड आधी. मगे समजात तुका.”

बाहेर सिस्टरनी त्याला गाठलं. “मनाला काय लावून घेता भिकाजी? रोजचंच आहे ना. कातडं जाड करा.” तो नुसता हसला. कातडं जाड झालं की हातही जड होतो, हे त्यांना कुठे सांगत बसायचं.

घरी बायको मंजुळा होती. खांदा आखडल्यापासून तिचा हात वर जात नसे, म्हणून नाहूरच्या चाळीतल्या खोलीत संध्याकाळी तिची वेणी भिकाजीच घाली. शेजारची शकु चिडवायची, “भावोजी, माझा नंबर कधी?” आणि मंजुळा गुणगुणायची,

तीन पेडांची माझी वेणी, एक माझा एक त्याचा
तिसरा गं पेड बाई, देवाजीच्या भरवशाचा

त्या दिवसापासून मात्र तो निमित्तं सांगू लागला. हाताला चीर गेलीय. ड्युटी लांबलीय. शाप त्याच्या बोटांत येऊन बसला होता. मालन बरी होऊन निघेल, म्हातारीच्या हातचा पेढा तोंडात पडेल, तेव्हाच तो उतरेल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

मालन वाचली. निघायच्या दिवशी अंजनाबाई पेढे वाटत आल्या. डॉक्टरांना, सिस्टरना, झाडूवाल्या अंबादासलासुद्धा. भिकाजीने हात पुढे केला. खोक्यात पेढे होते. त्यांनी झाकण लावलं. मालननेही डोक्यावरचा पदर पुढे ओढून मान वळवली. म्हातारीचं त्याला कळत होतं. हिचं कळेना.

संध्याकाळी मंजुळा केस मोकळे सोडून उंबऱ्याशी बसली होती. तिने फणी पुढे केली. “आज तरी घालाल ना?”

त्याने साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. केसांतून एकदा फणी फिरवली. दातांत एक लांब केस अडकून आला. तो त्याने बोटाभोवती गुंडाळला आणि फणी खाली ठेवली.

“शकुवहिनी,” त्याने गॅलरीत येऊन हाक मारली, “जरा हिची वेणी घालून द्याल?”

शकुने थट्टेसाठी तोंड उघडलं, त्याच्याकडे बघितलं आणि आत गेली.

आतून फणीचा आवाज येत राहिला. ओवी आली नाही. भिकाजी पायरीवर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.