उघड्या पाठीचा बॅन्जो

नवऱ्याने आपलं जुनं बनियन चौपदरी दुमडलं आणि बॅन्जोच्या उघड्या पाठीतून आत, पुढच्या ताणलेल्या कातड्याला टेकेल असं दडपून बसवलं.

"आता वाजव."

तिने तार छेडली. कुणीतरी उशीत तोंड खुपसून शिंकावं तसा आवाज आला.

"छान," तो म्हणाला. "संगीतही राहिलं, शेजारही राहिला."

"संगीत कुठे राहिलं ते दाखव."

त्याने बनियन आणखी आत दडपलं. बॅन्जोचा आवाज खाली जाणार नाही असं इमारतीच्या समितीला त्याने लेखी दिलं होतं, आणि आपल्या सहीला तो आयुष्यभर घाबरत आला होता. तक्रार खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींची होती: रोज संध्याकाळी साडेसातला वरून 'धातूजन्य त्रास' होतो. त्रास सुरू झाला की ते काठीने छत ठोकत.

बॅन्जो तिने घर आवरून निघालेल्या एका म्हाताऱ्याकडून घेतला होता. पाचांपैकी एक खुंटी दुसऱ्याच कुठल्या वाद्याची. कातड्यावर म्हाताऱ्याच्या मनगटाने पाडलेला चहाच्या रंगाचा डाग. तिचं मनगट आपसूक तिथेच टेकायचं. पोटाशी धरला तर आवाज पोटात जिरायचा, दोन बोटं दूर धरला तर भिंतीपार जायचा. दिवसभर इस्पितळातल्या बंद खोलीत लोकांचे कान तपासणाऱ्या बाईला एवढी चैन हवीच, असं तिचं मत होतं. मताला घरात अनुमोदन नव्हतं.

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "तुझ्या सहीचा मान म्हणून. सोळाव्या दिवशी तुझं बनियन तुझ्या अंगावर."

तेराव्या दिवशी सेक्रेटरी इस्पितळात तिच्यासमोर येऊन बसले. दुसरीकडे महिनाभर नंबर लागत नव्हता, म्हणून नाइलाजाने. सोबत काकू होत्या.

"काय होतंय, काका?"

"काही नाही. हिचा हट्ट."

"माझा कसला?" काकू म्हणाल्या. "साडेसात वाजले की काठी घेऊन छताकडे कान लावून बसतात. बारा दिवस झाले, काठी तशीच हातात. काल म्हणाले, संपलं गं, कान गेले."

"तू गप्प बस."

"बघा, हे बरोबर ऐकू येतं."

सेक्रेटरींनी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत विचारलं, "तुमचं ते... वाजवणं चालू असतं ना?"

"रोज," ती म्हणाली. "साडेसातला."

ते खोटं नव्हतं. सेक्रेटरी उठले आणि काचेच्या खोलीत जाऊन बसले, निकाल आधीच लागल्यासारखे. तिला आपला राग पुरता वसूल झाल्यासारखं वाटलं. मग तितकंसं वाटेना.

तिने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं.

"आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी. खात्री नसली तरी."

त्यांचा अंगठा बटणावर पांढरा पडला होता. कान वयाच्या मानाने उत्तम निघाले.

"मग वरचं का नाही—"

"वर बनियन आहे. समितीच्या समाधानासाठी कोंबलेलं. काढ म्हणा, काढते."

सेक्रेटरींनी रिपोर्टची घडी घातली, मग घडीची घडी घातली.

"तक्रार लेखी आहे," ते म्हणाले. "मागे घेता येत नाही."

"नकाच घेऊ."

संध्याकाळी तिने नवऱ्यादेखत बनियन ओढून काढलं आणि त्याच्या मांडीवर टाकलं.

"अजून दोन दिवस आहेत!"

"खिडकी उघड."

"अगं, मी सही केलीय."

"सही छानच आहे तुझी. तिला काही होत नाही. खिडकी उघड."

तिने एकच तार छेडली आणि थांबली. खालून काठी वाजली. एकदाच.

"झालं," नवरा म्हणाला.

"गप्प."

तीच तार, जरा हलक्या हाताने. काठी. आणखी हलक्या हाताने. काठी. मग नखाच्या टोकाने, इतकी हळू की शेजारी बसलेल्या नवऱ्यालाही धड ऐकू आली नाही. खाली काहीच नाही. तिचं मनगट डागावर तसंच टेकून राहिलं.

ठक्.

"उद्या पुन्हा तक्रार येणार," नवरा बनियनची घडी घालत म्हणाला. "लेखी."

"येऊ दे," ती म्हणाली, बॅन्जो पोटापासून दोन बोटं दूर धरला आणि पाचही तारांवर हात टाकला.